जुन्या आर्केड गेमचे संग्रह आजही विकत घ्यावेत का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थोडक्यात सांगा, घ्यावेत की नाही?

घ्यावेत, पण सगळे नाहीत. डब्यावर "३० गेम" असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले पाहून घेतलेला संग्रह आठवडाभरात बाजूला पडतो. त्याउलट, यादीतले तीन-चार गेम तुम्ही पुन्हा पुन्हा खेळणार असाल आणि ते नीट चालवलेले असतील, तर तो पूर्ण किमतीलाही महाग नाही. नीट चालवलेले म्हणजे बटण दाबताच पात्र हलते, चित्र मूळ आकारात दिसते, गेमची आर्केड (नाणे टाकून खेळायच्या मशिनवरची) आवृत्तीच दिलेली असते आणि बटणांची मांडणी बदलता येते. या चार गोष्टींत खोट असेल तर बाकीची सजावट कितीही देखणी असो, पैसे वाया जातात.

मेम हा एम्युलेटर फुकट मिळतो. मग पैसे कशाला द्यायचे?

मेम १९९७ पासून आहे, फुकट आहे आणि कायदेशीरही आहे. हजारो आर्केड मशिन्सची अंतर्गत रचना त्यात नोंदवून ठेवली आहे आणि ते काम अनमोल आहे. पण मेम म्हणजे फक्त यंत्राची नक्कल. गेमचा रॉम, म्हणजे मूळ मशिनच्या चिपमधला प्रोग्रॅम, त्यात येत नाही आणि बहुतेक रॉमचे हक्क आजही कंपन्यांकडे आहेत. संग्रह विकत घेताना तुम्ही सर्वांत आधी तो हक्क विकत घेता.

एवढ्यासाठीच पैसे द्यावेत असे आम्ही म्हणणार नाही. संग्रहाने मेमच्या पलीकडे काहीतरी द्यायला हवे. लढतीच्या गेमना चांगले ऑनलाइन, कठीण गेमना चुकल्यावर काही सेकंद मागे जाण्याची सोय, मूळ जाहिरातपत्रके आणि आराखडे, किंवा एखादा गेम पहिल्यांदाच घरी आणणे, यांपैकी काहीही चालेल. २०२२ च्या कॅपकॉम फायटिंग कलेक्शनमध्ये १० गेम आहेत. त्यातला १९९६ चा "रेड अर्थ" तोवर कुठल्याही कन्सोलवर आलेला नव्हता, शिवाय ऑनलाइन रोलबॅकवर, म्हणजे उशीर जाणवू न देणाऱ्या पद्धतीवर, चालते. असा संग्रह आपली किंमत वसूल करून देतो. ज्यात नुसता मेन्यू आणि रॉम आहेत, त्याला सवलतीची वाट बघायला लावा.

गेमची संख्या बघून किंमत ठरवायची का?

नाही. यादी हातात घ्या आणि एकाच गेमच्या सुधारित आवृत्त्या एकत्र मोजा. २०१८ च्या स्ट्रीट फायटर थर्टिएथ अ‍ॅनिव्हर्सरी कलेक्शनमध्ये १२ गेम आहेत. त्यातले पाच स्ट्रीट फायटर २ चे अवतार आहेत, तीन अल्फाचे आणि तीन स्ट्रीट फायटर ३ चे. उरतो १९८७ चा पहिला गेम, आणि तो आज फारसा कोणी दुसऱ्यांदा सुरू करत नाही. या मालिकेवर प्रेम असेल तर पाचही अवतारांतला फरक तुम्हाला महत्त्वाचा वाटेल. नसेल तर तुमच्यासाठी हा तीन गेमचा संग्रह आहे. ऑनलाइनही बाराच्या बारा चालत नाहीत, फक्त चार चालतात: हायपर फायटिंग, सुपर टर्बो, अल्फा ३ आणि थर्ड स्ट्राइक.

हिशेब असा करा. जे गेम तुम्ही निदान पाच तास खेळाल अशी खात्री आहे, तेवढ्यांवर खूण करा आणि किंमत त्यांच्या संख्येने भागा. खूण तीनपेक्षा कमी गेमवर पडली तर ते गेम सुटे मिळतात का ते आधी बघा.

सुटे गेम कुठे मिळतात?

हॅमस्टर कंपनीची "आर्केड आर्काइव्हज" ही मालिका २०१४ पासून चालू आहे. त्यात एकेक गेम स्वतंत्र विकला जातो. मांडणी साधी असते, पण सेटिंग्ज भरपूर. प्रत्येक गेमला दोन जादा प्रकार मिळतात. एकात एकाच क्रेडिटवर, म्हणजे एका नाण्याच्या खेळात, जास्तीत जास्त गुण करायचे, दुसऱ्यात पाच मिनिटांत. १९८१ चा मूळ आर्केड डाँकी काँग कुठल्याही संग्रहात शोधू नका, तो २०१८ मध्ये याच मालिकेतून सुटा आला. २०२५ मध्ये सुरू झालेली "आर्केड आर्काइव्हज २" नव्या कन्सोलसाठी आहे. तिच्यात बदलत्या रिफ्रेश दराच्या टीव्हीचा, म्हणजे सेकंदाला किती चित्रे दाखवायची ते गेमनुसार बदलणाऱ्या टीव्हीचा, उपयोग होतो. तो का महत्त्वाचा, हे पुढे येईल.

कॅपकॉमचे आर्केड स्टेडियम आणखी सोयीचे आहे, कारण त्याचा मूळ सांगाडा फुकट उतरवता येतो. आधी तो उतरवून आपल्या टीव्हीवर बटणे दाबून बघा, जमले तरच पैसे भरा.

"आर्केड" म्हणून घेतले आणि आत घरगुती कन्सोलची आवृत्ती निघाली. हे कसे ओळखायचे?

सर्वांत जास्त फसगत इथेच होते. नाव तेच, चित्रे अर्धीच. २०२० मध्ये आलेले नामको म्युझियम आर्काइव्हजचे दोन्ही भाग हे याचे ठळक उदाहरण. त्यात प्रत्येकी ११ गेम आहेत, पण ते फॅमिकॉम या घरगुती कन्सोलचे. नामकोचे आर्केड गेम हवे असतील तर २०१७ चा नामको म्युझियम वेगळा आहे. टीनएज म्युटंट निन्जा टर्टल्स या कासवांच्या काउबंगा कलेक्शनमध्ये (२०२२) १३ गेम आहेत आणि त्यातले आर्केडचे फक्त दोन, १९८९ चा पहिला आणि १९९१ चा "टर्टल्स इन टाइम". तो संग्रह उत्तम आहे, फक्त तुम्ही काय घेताय ते माहीत असावे.

ओळखण्याची खूण म्हणजे दुकानाच्या पानावरचे स्क्रीनशॉट. पॅक-मॅन, गॅलागा, डिग डग हे गेम आर्केडमध्ये उभ्या स्क्रीनवर चालत. चित्र उभे, रुंदीपेक्षा उंच असेल तर मूळ आवृत्ती असण्याची शक्यता मोठी. आडवे असून गुण बाजूला सरकवलेले असतील तर घरगुती आवृत्ती समजा.

नव्याने लिहिलेला पोर्ट (दुसऱ्या यंत्रासाठी केलेली आवृत्ती) आणि एम्युलेशन (मूळ यंत्राची नक्कल) यात एवढा काय फरक पडतो?

बराच पडतो, कारण जुन्या गेमची गंमत अनेकदा त्यांच्या मर्यादांतून आली आहे. १९७८ च्या स्पेस इन्व्हेडर्समध्ये ५५ शत्रू असतात आणि यंत्र दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या दर नव्या चित्राला, त्यातल्या एकालाच हलवते. सगळे हजर असताना पूर्ण फौज एक पाऊल सरकायला ५५ फ्रेम, म्हणजे जवळजवळ एक सेकंद लागतो. शत्रू मरत गेले की तेच चक्र लवकर पुरे होते आणि उरलेले पळू लागतात. हे गणित न समजता नव्याने लिहिलेल्या गेममध्ये वेग वाढतो, पण चढ तसा लागत नाही.

पॅक-मॅनचेही तसेच. गुलाबी भूत पॅक-मॅनच्या चार घरे पुढे नेम धरते. पण पॅक-मॅन वर बघत असेल तर मूळ प्रोग्रॅममधल्या चुकीमुळे ते लक्ष्य चार घरे वर आणि चार घरे डावीकडे जाते. भुतांची चाल ठरलेली असल्याने लोकांनी ठराविक मार्ग पाठ केले. ती चूक "दुरुस्त" केलेल्या पोर्टमध्ये ते मार्ग निकामी होतात. म्हणून वर्णनात मूळ आर्केड रॉमचे एम्युलेशन असल्याचे स्पष्ट लिहिले असेल तर तो संग्रह निवडा.

बटण दाबल्यावर उशिरा हलते. दोष संग्रहाचा की टीव्हीचा?

आधी टीव्ही तपासा. ६० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ६० चित्रे असताना, एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची असते. गेम मोड बंद असलेला टीव्ही चित्र सुधारण्याच्या नादात १०० मिलिसेकंदही खातो, म्हणजे सहा फ्रेम. गॅलागामध्ये गोळी चुकवताना तेवढा उशीर महागात पडतो. क्रम असा ठेवा:

१. टीव्हीचा गेम मोड चालू करा. ज्या एचडीएमआय जागेत कन्सोल जोडला आहे तिच्यासाठीच तो लागू झाला ना, ते बघा.
२. हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंग बंद करा.
३. कंट्रोलर तारेने जोडून फरक पडतो का बघा.
४. संग्रहातले चित्राचे फिल्टर बंद करून पुन्हा बघा.
५. संगणकावर असाल तर व्ही-सिंक (चित्र पडद्याच्या तालाशी जुळवणारी सेटिंग) बंद करून बघा. चित्र फाटेल, पण दोष कुठे आहे ते कळेल.

नुसत्या अंदाजावर समाधान नसेल तर मोजता येते. फोन २४० फ्रेमच्या स्लो मोशनवर ठेवा. अंगठा आणि स्क्रीन एकाच चौकटीत घ्या आणि उडी मारायचे बटण दहा वेळा दाबा. बटण तळाला टेकल्यापासून पात्र हलेपर्यंतच्या फ्रेम मोजून सरासरी काढा. एक फ्रेम सुमारे ४.२ मिलिसेकंदांची, म्हणून २४ फ्रेम म्हणजे १०० मिलिसेकंद. त्याच टीव्हीवर, त्याच कंट्रोलरने दुसऱ्या एखाद्या गेमचीही मोजणी करा. दोन्हीकडे आकडा मोठा असेल तर दोष टीव्हीचा. फक्त संग्रहातच मोठा असेल तर दोष संग्रहाचा, आणि तो घरी दुरुस्त होत नाही. अपडेट येईपर्यंत थांबा किंवा पैसे परत मागा.

पार्श्वभूमी सरकताना मध्येच हिसका बसतो. हे काय आहे?

सगळी आर्केड मशिन्स ६० हर्ट्झवर चालत नव्हती. पॅक-मॅन ६०.६ वर चालतो. आर-टाइप (१९८७) सुमारे ५५ वर आणि मॉर्टल कॉम्बॅट (१९९२) सुमारे ५४.७ वर. ५५ फ्रेम ६० हर्ट्झच्या टीव्हीवर बसवायच्या तर दर सेकंदाला पाच फ्रेम दोनदा दाखवाव्या लागतात आणि तोच हिसका दिसतो. काही संग्रह यावर गेमच ६० वर पळवतात. मग चित्र सुरळीत सरकते, पण आर-टाइप ९ टक्के जलद होतो आणि संगीताची पट्टीही चढू शकते. आमच्या मते हिसका परवडला, वेग बदललेला नको. बदलता रिफ्रेश दर पेलणारा टीव्ही आणि तो वापरणारा संग्रह दोन्ही असतील तर हा प्रश्न मुळातूनच सुटतो.

चित्र पसरट दिसते किंवा पिक्सेल लहान-मोठे दिसतात. कोणती सेटिंग ठेवू?

आधी आकार. आडव्या गेमसाठी ४:३ आणि उभ्या गेमसाठी ३:४ ठेवा. पूर्ण स्क्रीन भरणारा पर्याय कधीच नको. कॅपकॉमच्या सीपीएस बोर्डवरच्या गेममध्ये, म्हणजे स्ट्रीट फायटर २ आणि फायनल फाइट यांत, एक फरक लक्षात ठेवा. चित्र ३८४ बाय २२४ पिक्सेलचे आहे, पण ते ४:३ पडद्यावर दाबून दाखवण्यासाठीच रंगवले आहे. "पिक्सेल परफेक्ट" हा पर्याय निवडला तर सगळे पैलवान आडवे सुटतात. नाव आकर्षक असले तरी इथे तो पर्याय चुकीचा आहे.

मग पट, म्हणजे चित्र किती पट मोठे करायचे ते. २२४ ओळींचे चित्र १०८० ओळींच्या पडद्यावर ४.८ पट होते. पूर्णांक नसल्याने काही ओळी चार पिक्सेलच्या, काही पाच पिक्सेलच्या होतात आणि पार्श्वभूमी सरकताना लाट आल्यासारखी दिसते. चार पट ठेवले तर चित्र ८९६ ओळींचे होते, कडेला काळी पट्टी राहते पण सगळे स्वच्छ दिसते. ४के पडद्यावर नऊ पट बसते (२०१६ ओळी), म्हणून तिथे हा त्रास जवळजवळ उरत नाही.

जुन्या टीव्हीसारख्या आडव्या रेषांचा फिल्टर ४केवर छान दिसतो. ७२० ओळींच्या हातातल्या कन्सोलवर त्या रेषांना जागाच पुरत नाही. चित्र काळवंडते, नक्षी उमटते. तिथे तो बंदच ठेवा.

उभ्या गेमसाठी पडदा फिरवता आला तर जरूर फिरवा. आडव्या पडद्यावर ३:४ चित्र रुंदीचा फक्त ४२ टक्के भाग वापरते. स्विचसारखा कन्सोल कंट्रोलर काढून उभा ठेवला तर तेच चित्र क्षेत्रफळाने पावणेदोन पट मोठे दिसते. संग्रहात चित्र फिरवण्याची सोय आहे का, हे घेण्याआधी बघा.

अ‍ॅस्टेरॉइड्स आणि टेम्पेस्ट तितके झगझगीत का दिसत नाहीत?

त्या मशिन्सच्या चित्रात पिक्सेल नव्हतेच. इलेक्ट्रॉनचा झोत थेट रेषा काढत असे, म्हणून अ‍ॅस्टेरॉइड्समधली गोळी लकाकत्या ठिणगीसारखी दिसे. साध्या पडद्यावर ती नुसता पांढरा ठिपका होते. ४के आणि एचडीआर (जास्त झगझगीत उजेड दाखवणारा पडदा) असेल, आणि संग्रहात रेषांभोवती तेज देणारा पर्याय असेल, तर बरेच जवळ जाता येते.

साध्या कंट्रोलरवर हे गेम नीट खेळता येतात का?

गेमनुसार. पॅक-मॅन आणि डाँकी काँगला चारच दिशांचा लिव्हर होता. अ‍ॅनालॉग स्टिकवर अंगठा जरा तिरपा गेला की वळण हुकते, म्हणून हे गेम चार बाणांच्या पॅडवर खेळा. आर्केड स्टिक असेल तर तिच्या लिव्हरखालची पट्टी चार दिशांवर करता येते का ते बघा. रोबोट्रॉन (१९८२) दोन लिव्हरचा गेम आहे, एकाने चालायचे आणि दुसऱ्याने गोळीबार. आजच्या कंट्रोलरवरच्या दोन स्टिक जणू त्याच्यासाठीच बनल्या आहेत.

अडचण ट्रॅकबॉल आणि फिरत्या चकतीच्या गेमची आहे. मिसाइल कमांड, सेंटिपीड, टेम्पेस्ट, अर्कानॉइड. ट्रॅकबॉल जेवढा फिरवाल तेवढेच चिन्ह सरकते आणि हात थांबला की थांबते. अ‍ॅनालॉग स्टिक मात्र वेग ठरवते, अंतर नाही. म्हणून नेम सतत पुढे जातो. स्टिकची संवेदनशीलता कमी केली तर थोडे सावरते, पण पुरते नाही. हे गेम तुमच्या खुणेच्या यादीत असतील तर संगणकावरची आवृत्ती घ्या आणि माउस चालतो याची खात्री करा.

डिफेंडरला (१९८१) वर-खाली जाणारा लिव्हर आणि पाच बटणे होती. त्यात पुढे जाणे आणि दिशा उलटवणे यांनाही वेगळी बटणे होती. चांगल्या संग्रहात डावी-उजवी दिशा थेट स्टिकवर घेण्याचा पर्याय असतो. तो निःसंकोच वापरा. स्ट्रीट फायटर २ ला सहा बटणे लागतात. जोरदार ठोसा आणि जोरदार लाथ खांद्याच्या बटणांवर जातात, ती आपल्या सवयीने बदलून घ्या.

दहा मिनिटांत कंटाळा येतो. गेमच जुने झालेत का?

बहुतेकदा कारण फुकटच्या क्रेडिटमध्ये असते. हे गेम काही मिनिटांत नाणे संपावे अशा बेताने रचले होते. मेल्यावर एक बटण दाबून तिथूनच पुढे जाता आले की चुकण्याला अर्थच राहत नाही. फायनल फाइट तासाभरात संपतो आणि काहीच शिकल्यासारखे वाटत नाही.

म्हणून नियम लावून घ्या. एक क्रेडिट, पुढे चालू ठेवणे नाही. जीव तीन, कठिणता कारखान्याच्या मूळ सेटिंगवर. मशिनच्या आतल्या डिप स्विचवर या गोष्टी ठरत आणि चांगले संग्रह ते स्विच मेन्यूत देतात. मग छोटे लक्ष्य ठेवा. पॅक-मॅनमध्ये दुसरी फेरी संपल्यावर पहिली छोटी नाटिका येते, तिथवर पोहोचा. नंतर १०,००० गुणांवरचा जादा जीव. रोज वीस मिनिटे पुरतात.

मागे जाण्याची सोय सरावासाठी वापरा. ज्या जागी सारखे मरता तिथे गेम जतन करा, ती वीस सेकंदे दहा वेळा खेळा, मग पहिल्यापासून सुरू करा. बहुतेक संग्रहांत ही सोय वापरली की गुण जागतिक यादीत जात नाहीत आणि ते योग्यच आहे. एसएनकेच्या २०१८ च्या फोर्टिएथ अ‍ॅनिव्हर्सरी कलेक्शनमध्ये गेम पूर्ण खेळलेला बघता येतो आणि हव्या त्या क्षणी नियंत्रण आपल्या हातात घेता येते. शिकण्यासाठी याहून चांगली सोय आम्हाला माहीत नाही.

इतिहासाची आवड आहे, खेळण्याची तितकी नाही. माझ्यासाठी काही?

२०२२ चा अटारी ५०. शंभराहून जास्त गेम, मुलाखती, आराखडे आणि जाहिराती, सगळे काळाच्या ओळीवर ओवलेले. वाचता वाचता त्याच जागी गेम सुरू होतो. त्यातला आर्केडचा वाटा मर्यादित आहे, बाकी घरगुती यंत्रे आहेत. तरी जतन कसे करावे याचा तो आजवरचा सर्वांत चांगला नमुना आहे.

अमुक गेम संग्रहात का नाही?

हक्क. २०२२ च्या पॅक-मॅन म्युझियम प्लसमध्ये १४ गेम आहेत, पण मिस पॅक-मॅन नाही. कारण तिचे हक्क वेगळ्या वाटेने गेले आहेत. खऱ्या गाड्या, चित्रपट किंवा कॉमिक्समधली पात्रे असलेल्या गेमना परवाना लागतो आणि परवान्याला मुदत असते.

मग विकत घेतलेला संग्रह नाहीसा होऊ शकतो का?

दुकानातून उतरू शकतो. २०१२ चा मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम ओरिजिन्स असाच गेला. त्या मालिकेचे आर्केड गेम पुन्हा नीट मिळायला २०२४ उजाडले. सेगाने डिसेंबर २०२४ मध्ये आपले अनेक जुने गेम डिजिटल दुकानांतून काढले. ज्यांनी आधी घेतले त्यांना सहसा पुन्हा उतरवता येतात, नव्याने कोणाला घेता येत नाहीत. म्हणून परवान्याची पात्रे असलेला संग्रह आवडला तर मोठ्या सवलतीची फार वाट बघू नका. बाकीचे संग्रह सवलतीत वारंवार येतात, तिथे घाई नको.

डिस्क किंवा कार्ड घेताना डब्याच्या मागचा बारीक मजकूर वाचा. काही डब्यांत नुसता कोड असतो. काही स्विच २ कार्डांवर गेम नसून तो उतरवण्याची किल्ली असते. काही वेळा नंतर अपडेटने आलेले गेम कार्डावर नसतात. एसएनकेचा वर सांगितलेला संग्रह स्विचवर १३ गेम घेऊन आला आणि पुढे ११ फुकट मिळून २४ झाले.

ऑनलाइन खेळण्यासाठी घ्यावा का?

रोलबॅक असेल तरच. त्यात तुमचे बटण लगेच लागू होते, समोरच्याचा अंदाज बांधला जातो आणि चुकला तर गेम काही फ्रेम मागे जाऊन सुधारतो. उशिरावर चालणाऱ्या जुन्या पद्धतीत दोघांचीही बटणे अडकतात. वेगवेगळ्या कन्सोलवरचे लोक एकमेकांशी खेळू शकतात का, तेही तपासा. बहुतेकदा नाही. अनोळखी खेळाडूंची गर्दी काही महिन्यांत ओसरते, म्हणून मित्राने घेतलेल्या कन्सोलवरचीच प्रत घ्या.

पैसे परत मिळण्याच्या मुदतीत काय तपासून घ्यावे?

स्टीमवर खरेदीपासून १४ दिवस आणि दोन तासांपेक्षा कमी खेळ ही मर्यादा आहे. मेन्यूत घालवलेला वेळही त्यात धरला जातो, म्हणून फिल्टर आणि चित्रदालन नंतर बघा. पहिली दहा मिनिटे तुमच्या सर्वांत ओळखीच्या गेममध्ये उशीर तपासा. मग बटणांची मांडणी गेमनिहाय जतन होते का, की प्रत्येक वेळी बदलावी लागते, ते बघा. उभा गेम उघडून चित्र फिरवून बघा. आडवी पार्श्वभूमी सरकणारा गेम उघडून हिसका आणि वेग बघा. गेम मध्येच जतन करून बाहेर या, संग्रह पूर्ण बंद करा आणि परत उघडून तिथूनच सुरू होतो का पाहा. ऑनलाइन हवे असेल तर दोन-तीन लढती खेळा. एवढ्याला तास पुरतो. यात काही अडले तर उरलेला तास संपायच्या आत परताव्याचा अर्ज भरा.